चाळीस डॉक्टरांचं पोट
"कोनाले खरं वाटनार नाही पोरी, पन या पोटानं चाळीस डाक्टर पास केले," असोद्याचे दोधूआबा म्हणाले. एमबीबीएसच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला त्यांच्या पोटातली वाढलेली प्लीहा, म्हणजे पाणथरी, दरसाल विद्यार्थ्यांना हाताने चाचपून ओळखायला दिली जाई. सकाळपासून आठ जणांनी पोट दाबून त्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता, पण दुखतं म्हटलं की पोरं बिचकतात, नापास होतात, अशी त्यांची समजूत. त्यात ही नाजमीन तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेली. "दाब बिनधास्त, काही दुखत नाही," आबा दात आवळून हसले. आठही जणांची नजर पोटावरच खिळली होती आणि परीक्षक दरवेळी नाराजीने मान हलवून पुढे सरकले होते. नाजमीनने तळवे चोळून ऊब आणली, हात अलगद टेकवला आणि पोटाऐवजी आबांचा चेहरा निरखत राहिली. परीक्षक जागीच थबकले. "खोटं बोलताय आबा," ती म्हणाली, "दुखतंय तुम्हाला."