मागची सीट

जनूकाकांची उमर ज्या फियाटवर गेली, ती आता पेणच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बक्षिसासाठी निघाली होती. अष्टमी गावातल्या घराच्या ओटीवर त्यांचा मुलगा हरेश रामवाडीच्या ट्रेलरवाल्या धनेशशी फोन स्पीकरवर ठेवून बोलत होता; जनूकाका बाजूला बसून ऐकत होते.

"ट्रेलर उघडाच दे, लोकांना दिसली पायजे. पण खड्ड्यात गाडीला दणका नाय बसला पायजे."

"ओढायला पिकअप चालंल?"

पिकअपला पुढे दोनच माणसं. जनूकाकांचा जीव टांगणीला लागला.

"नको, पाच माणसांची जीप दे."

काकांच्या जिवात जीव आला. आत जाऊन ते इस्त्रीचा सदरा घालून आले.

"मी मागं बसन रे, पाय आखडून. तिथं नुसता गाडीला हात लावून उभा रायन."

"तुम्ही कसं येणार, बाबा?" हरेश फोन खिशात घालत म्हणाला. "गाडीवर पाटी लावलीय, 'कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ'. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं. बाजूला तुम्ही हसत उभे राहिलात, तर कसं दिसंल?"

जनूकाकांनी आत बघितलं. बायको त्यांच्यासाठी वाटेतल्या भाकऱ्या बांधत होती.

"हिला सांगितलंस काय?" त्यांनी हळूच विचारलं.