आडवे दगड

झुंबरबाईनं शेवटचा दगड रस्त्यावर टाकला, तेवढ्यात वळणापलीकडून लॉरीचा आवाज आला. शेजारीण कमरबीनं तिचा पदर ओढला. झुंबरबाई हलली नाही. मग कमरबीही तिच्याजवळ उभी राहिली. दोघींच्या मागं गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन थांबल्या.

घरं रस्त्याच्या अलीकडं, विहीर पलीकडं. कापसाच्या जिनिंग कारखान्याची लॉरी नव्या जालन्याकडं कापूस नेऊ लागल्यापासून पाणी आणायचं म्हणजे जीव मुठीत धरून पळायचं. मागच्या आठवड्यात झुंबरबाईची सून नंदाबाई लॉरीला चुकवताना नालीत पडली. तिला सातवा महिना. सुईणीनं पोट चाचपून सगळं बराबर असल्याचं सांगितलं, तरी झुंबरबाईला धीर धरवेना. लॉरी हळू न्या म्हणून सांगायला ती जिनिंगवर गेली. मुनिमानं तिला फाटकातूनच परतवून लावलं.

लॉरी दगडांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. ड्रायव्हर चांदपाशाच्या शेजारून मुनीम तावातावानं खाली उतरला. रस्ता सरकारचा आहे, एकेकीला चौकीवर बसवीन, असं बरंच काही तो बोलला. एकही बाई बाजूला झाली नाही. शेवटी तो चांदपाशाकडं वळला.

"बघतो काय? घाल दगडांवरून."

चांदपाशाची मान स्टेअरिंगवर वाकलेली होती. कमरबी पुटपुटत अल्लाचं नाव घेऊ लागली. झुंबरबाईनं डोळे मिटले.

इंजिन बंद झालं.

चांदपाशा खाली आला. चाकांकडं बोट दाखवून तो मुनिमाला म्हणाला, दगडांवरून घातली तर टायर फुटून गाडी इथंच बसेल, मालाला उशीर होईल अन् वर खर्चा लागेल. बाया तर उद्याही दगड टाकणारच. त्यापेक्षा आपण इथं भोंगा वाजवून थांबू, बाया गेल्या की पुढं जाऊ.

मुनिमानं एकदा बायकांकडं, एकदा कापसाकडं पाहिलं.

"कर मंग तसं," म्हणत तो वर जाऊन बसला.

बायकांना क्षणभर खरं वाटेना. मग कुणीतरी हसलं. घागरी कमरेवर चढल्या आणि सगळ्या सावकाश, बोलत बोलत विहिरीकडं निघाल्या. कमरबी डोळे पुसत मागून गेली.

चांदपाशा दगड उचलायला वाकला. झुंबरबाईही वाकली. पुन्हा जोरात आलास तर पुन्हा दगड टाकीन, असं तिनं त्याला बजावलं.

चांदपाशानं मुनिमाकडं चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, इथं गाडी थांबवू द्या म्हणून मी कवापासून त्याच्या मागं लागून राह्यलो. सुनबाई पडली त्या दिवसापासून घास उतरला न्हाई माझ्या गळ्याखाली. तुम्ही आडव्या आल्या अन् सुटलो मी."