सात नंबरची गन

"जाड्या, सही कर," म्हणत भांडारवाल्याने सात नंबरची गन खिडकीतून पुढे सरकवली.

सुसाट गाड्यांचा वेग पकडणारी ती वाहतूक पोलिसांची रडार गन. मागून तडकलेली, बटण बंद केलं तरी चालूच राहणारी. तपासणीवाल्याने स्वच्छ लिहिलं होतं : मागून लहरी गळतात, अंगाजवळ धरू नये. साहेबांनी तो कागद दात कोरत वाचला आणि खणात टाकला.

"नवी येईपर्यंत हीच चालवा. बोभाटा नको."

मग त्याच काडीने त्यांनी कान कोरला. भांडारवाल्याला शिसारी आली. पण नोकरी होती, त्याने गन परत फळीवर ठेवली.

सात कुणाच्या तरी गळ्यात मारायलाच हवी होती. भांडारवाल्याचा धाकटा भाऊ जाड्याबरोबर एकाच गाडीत ड्युटीला, नुकतं लग्न झालेला. त्याला कायम तीन नंबर. सात जाड्याला. जाड्या दुसऱ्याच्या कपातला चहा ढोसायचा आणि वर दात काढायचा. तरी रोज त्याची सही घेताना भांडारवाल्याला स्वतःचीच किळस यायची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

नवी गन आलीच नाही. सहा वर्षं गेली. संध्याकाळी जाड्या परस्पर घरी सटकायचा, दोन्ही गन धाकटाच जमा करायचा. लहानपणी थंडीने कुडकुडणारा हा पोरगा आता स्वेटरसुद्धा घालेना.

"लग्न मानवलं तुला," भांडारवाला चिडवायचा.

फक्त मूल होत नव्हतं. नवराबायको दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होते. धाकट्याच्या तपासणीचा निकाल उद्या मिळणार होता.

आज जाड्या निवृत्त झाला. शेवटची सही करायला आला, तो चांगला टुणटुणीत.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" भांडारवाल्याने चाचरत विचारलं.

"ठणठणीत! धाकट्याला सांग, तुझी आठवण येईल म्हणावं. गुणी पोरगा."

"का, त्याने काय केलं?"

"अरे, ती सात भलती तापायची. मला आधीच उकडतं. पहिल्याच थंडीत म्हणाला, काका, ही मला द्या, माझी तीन तुम्ही घ्या. तेव्हापासून तुझ्या खिडकीपासून लांब गेलो की आमची अदलाबदल. सहा वर्षं दिवसभर मांडीत घेऊन बसतो बिचारा."