देवळीतली डबी

प्रतीक्षाचं कपाळ घामानं थबथबलं होतं, हात गार पडले होते. चंद्रम्मानं नातीला मांडीवर ओढलं.

"काय खाल्लीस गं माय?"

"परसाद," चार वर्षांची पोर पेंगत म्हणाली आणि तिनं देवळीकडं बोट दाखवलं.

देवळीत विभूतीशेजारची डबी उपडी पडली होती. तिच्यात चंद्रम्माच्या शुगरच्या गोळ्या असत. पाकिटातून एकेक गोळी काढताना बोटं दुखत, म्हणून ती सगळ्या एकदमच सोलून डबीत ओतून ठेवी. देवाजवळ ठेवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही, असं तिला वाटे.

गोळी खाऊन जेवण चुकलं की तिला स्वतःला असाच घाम फुटायचा. तिनं तांब्यातल्या पाण्यात साखर कालवली.

"डोळे मिटू नको लेकरा. पी."

घोट घोट पाजतच तिनं शेजारच्या हणमंतप्पाच्या जीपमधून पोरीला मंठाळहून बसवकल्याणच्या दवाखान्यात नेलं. रात्रभर सलाईन चाललं. सकाळी पोरीनं भुकेनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठं चंद्रम्मा पायरीवर बसून रडली.

दुपारी हैदराबादहून सून आली. सुधारानी आणि चंद्रम्माचा लेक महेशकुमार तिकडं कामाला होते. उन्हाळ्यापुरतं त्यांनी पोरीला आजीकडं ठेवलं होतं. सुधारानी डॉक्टरांशी बराच वेळ बोलली. सासूशी मात्र एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी आणखी एक रात्र ठेवून घेऊन पोरीला सोडलं. येताना सुधारानीनं बाजारातून कुलपाची छोटी पेटी घेतली. घरी आल्या आल्या स्टुलावर चढून ती भिंतीत उंचावर खिळे ठोकू लागली.

"कशाला ठोकायलीस?" चंद्रम्मा म्हणाली. "मला नकोत आता गोळ्या. पोरीच्या जिवावर उठल्या."

"गोळ्या सोडल्यावर तुमी जित्या ऱ्हाताव का अव्वा? खावा, पर पाकिटातच ऱ्हाऊ द्या." सुधारानीनं पेटीची किल्ली सासूच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

दोरीवरचे पोरीचे फ्रॉक काढून चंद्रम्मा एकेक घडी पिशवीत भरू लागली.

सुधारानीनं पिशवी तिच्या हातातून घेतली.

"डॉक्टर म्हणले, साखर पाजली नसती तर पोर दवाखान्यापर्यंत पोचलीच नसती." तिनं फ्रॉक पुन्हा दोरीवर टाकले. "शाळेला अजून अवकाश हाय. उद्या मी एकटीच जाते, अव्वा."