गाठाळ दार

दार आजच बसायला हवं. प्लेगात नवरा गेल्यापासून विजयमालाचा दीर हवं तेव्हा तिच्या घरात शिरतो, आणि उद्या तर तो सामानसुमान घेऊन कायमचा येणार आहे. म्हणून तिनं परसातली बाभूळ तोडवली.

"वैनी, ही गाठाळ लाकडं चुलीत घाला," जोतीराम सुतार म्हणतो. "सोलापूरच्या वखारीतनं सरळ फळ्या आणा."

"सरळ माणसं लई बघितली मी. ही वाकडीच बरी. बसवा."

दार जोडून झालंय. ते अंगणात खांबाला टेकून उभं आहे. त्याच्या मागे रिकामं अंगण आहे, हे ध्यानात ठेवा.

मधली एक गाठ सैल होऊन पुढे आली आहे. जोतीराम ती अंगठ्यानं आत दाबतो. ती सावकाश परत पुढे येते, मागून कुणी ढकलावी तशी.

तो मागे जाऊन पाहतो. मागे रिकामं अंगणच आहे.

"मी न्हाय बसवत, वैनी."

"का? तुमाला बी दिरानं दम दिला व्हय?"

विजयमाला गाठ उपटून फेकते आणि त्या भोकात बोट घालते.

आत कुणीतरी ते बोट घट्ट धरतं.

दाराच्या मागे उभ्या जोतीरामला भोकातून आरपार ऊन दिसतं. बोट दिसत नाही.

"ओढा वैनी, हात ओढा!"

ती ओढत नाही. दाराला तोंड लावून म्हणते, "जोर लई हाय की तुझ्यात. उद्या दीर येणार हाय. त्याला असंच धर."

आतून तिचं बोट एकदाच, होकारासारखं, दाबलं जातं.