पाठीचा नियम

दुपारचं गिऱ्हाईक आलंच नाही, तेव्हा टॅटू स्टुडिओचा मालक काउंटरमागून उठला, आतल्या खोलीत गेला, शर्ट काढला आणि टेबलावर पालथा पडला.

"कंबर धरली का, दादा?" मशीन पुसत असलेल्या मुलीने विचारलं.

"कंबर ठणठणीत आहे. पाठीवर टॅटू काढ."

ती हसली. तो उठत नाही असं पाहून हसायची थांबली.

त्याचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत जाड काळ्या रेघांच्या वाघांनी भरलेला होता. असेच वाघ काढून त्याने हा स्टुडिओ उभा केला. पुढे लोकांना वाघ नको झाले, रंगीत गुलाब हवे झाले. गुलाब गेले, अक्षरं आली. आता केसासारखी बारीक रेघ चालते. वारा वाहील तशी पाठ द्यायची, हे त्याला बरोबर जमलं होतं. दर वेळी तो नव्या हाताचं माणूस ठेवायचा. स्टुडिओ धो धो चालत होता, टेबलं महिना महिना आधी भरत होती आणि त्याला स्वतःला काम उरलं होतं ते येणाऱ्याला "बसा" म्हणायचं.

काउंटरवर बसून आतलं सगळं ऐकू यायचं. माणसं तासन्‌तास पडून असत आणि सुईखाली नको नको ते बोलून जात. ऑफिसातली भांडणं, सासूचे टोमणे, मोडलेली लग्नं. मुलगी फक्त "हं, मग?" म्हणे. ते "हं, मग?" त्याला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला त्याहून साधं काहीतरी हवं होतं. आपल्या पाठीला माणसाचा हात लागून किती काळ झाला, हे त्याला आठवत नव्हतं.

"काय काढू? वाघ?"

"तुझं काढ. ते मुंगी चालून गेल्यासारखं."

"ते तुम्हाला आवडत नाही."

"मला कुठे दिसणार आहे?"

तिने हातमोजे चढवले आणि सगळ्यांना विचारते ते त्यालाही विचारायला घेतलं. कसली ॲलर्जी? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाही.

"आणि घरी मलम लावायला कोण आहे?"

तो टेबलाची कड चाचपू लागला.

"पाठीला आपला हात पोचत नाही, दादा. लावणारं कोणी नसेल तर पाठीवर काढायचं नाही. नियम तुमचाच आहे."

नियम त्याचाच होता. चिघळलेल्या पाठी त्याने पाहिल्या होत्या आणि एकट्यादुकट्या कितीतरी लोकांना गोडीत परत पाठवलं होतं. इथे कामाला असलेल्यांनी घरचा विषय काढायचा नाही, हाही नियम त्याचाच. त्यामुळे त्याच्या घरी कोण असतं हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं. बायको सोडून गेली तेव्हा ही मुलगी शाळेत असेल.

"बायको आहे ना," तो म्हणाला.

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि मशीन सुरू झालं.

कातडी ताणून धरायला तिने डावा हात त्याच्या पाठीवर टेकवला होता. काम बराच वेळ चाललं. मध्येच ती म्हणाली, "बोला की काहीतरी. सगळे बोलतात." त्याने पुष्कळ आठवून पाहिलं.

"एसी जरा कमी कर," एवढंच त्याला सुचलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर तो मलमाची ट्यूब घेऊन उभा राहिला. उजवा हात वरून घालून पाहिला, डावा खालून. खोटं अंगाशी आलं होतं. शेवटी त्याने टॅटूवर गुंडाळायची प्लॅस्टिकची पातळ फिल्म कापली, तिच्यावर बोटाने मलम पसरलं, ती बेडरूमच्या दाराला पाठीच्या उंचीवर चिकटवली आणि उलटा फिरून हळूच टेकला. मग गुडघे वाकवून थोडं खाली, थोडं वर. म्हैस खांबाला अंग घासते तसं. त्याचं त्यालाच हसू आलं, पण ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

स्टुडिओत आल्या आल्या मुलीने त्याला शर्ट वर करायला लावला. वाकून नीट पाहिलं.

"वा! कसं पातळ, एकसारखं लावलंय. बाकीचे नुसतं थापून येतात. वहिनींचा हात फार हलका आहे हो, दादा."

"हो," मालक शर्ट खाली ओढत म्हणाला. "पहिल्यापासूनच."