जावेच्या फ्रिजचे स्टार

मोबाईलमध्ये जावेच्या फ्रिजचा फोटो घेऊन पेट्रिशिया अंधेरीच्या दुकानात उभी होती. फोटो अख्ख्या फ्रिजचा नव्हता, दारावरच्या विजेच्या लेबलचा होता. बर्फ मागायला म्हणून जाऊन तिनं तो गुपचूप काढला होता.

मरोळ गावठाणात एकाच घराचे दोन भाग, मधे अंगण. इकडे पेट्रिशिया, तिकडे धाकटी जाऊ जेनेव्हिव्ह. जेनेव्हिव्हकडे पाच स्टारचा फ्रिज आला आणि सासू बाजारातून आणलेले बोंबील घेऊन थेट तिकडेच जायला लागली. तिकडेच साफ करायची, तिकडेच जेवायची. दोघींचं हसणं अंगणातून ऐकू आलं की पेट्रिशियाचा जळफळाट व्हायचा आणि कालवणात मीठ जास्त पडायचं.

"आपण पण पाच स्टार घेऊ ना," नवरा ग्लेनरॉय म्हणाला. "तो मोठा बघ."

"नुसते स्टार काय मोजतोस रे? खाली बघ, वर्षाला किती युनिट खातो ते लिहिलंय. हा मोठा पाच स्टार त्या छोट्या तीन स्टारपेक्षा जास्त खातो. आपापल्या मापाच्या फ्रिजमध्ये कोण किती वीज वाचवतो, ते स्टार सांगतात. आणि लेबलवरचं वर्ष बघायचं."

ग्लेनरॉय बघतच राहिला. मत्सर माणसाला काय काय वाचायला लावेल, सांगता येत नाही.

तिनं फोटो मोठा केला. "हे बघ, हिचं लेबल जुनं. त्यानंतर नियम कडक झालेत. आजच्या हिशेबानं तिला तीन मिळाले तरी नशीब!" तिला इतका आनंद झाला की तिनं तो फोटो सेल्समनलाही दाखवला.

दुसऱ्या दिवशी फ्रिज घरी आला. जेनेव्हिव्हच्याच मापाचा, पण चालू वर्षाचे पाच स्टार. सासू पिशवी घेऊन अंगणात शिरली तशी पेट्रिशिया धावतच पुढे गेली.

"मम्मी, इकडे ये ना. खालचा अख्खा खण तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय. आणि तिचे पाच आता पाच राहिले नाहीत, माहितीय?"

सासू आत आली. तिनं दार उघडलं, गार हवा तोंडावर घेतली, काचेच्या फळीवरून बोट फिरवलं. तिला फ्रिज मनापासून आवडला.

"झकास आहे गं."

पेट्रिशियानं पिशवीसाठी हात पुढे केला. सासूनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नको. नवा आहे. वास लागला म्हणून मागे जुन्या फ्रिजमधून काढलीस तशी माझी मासळी परत बाहेर काढून ठेवशील."

ती अंगण ओलांडून गेली. पेट्रिशिया तिथेच उभी राहिली. फ्रिजचं दार सताड उघडं होतं आणि आतली सगळी गार हवा तिच्या पायांवरून बाहेर चालली होती.